परक्या वाडीत उतरलेल्या बाईंना

वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

"मी देवगड तालुक्यातील एका वाडीत राहणारी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. वय ६१. यजमान गेले, मुलगा पुण्याला आणि मुलगी ठाण्याला असते. दिवाळीला आलेल्या मुलाने लॅपटॉपवर एका आभासी जगात माझे खाते उघडून दिले. 'अवतार, म्हणजे पडद्यावरचे आपले सोंग, घेऊन हिंडायचे, जगभरची माणसे भेटतात, तुला सोबत होईल,' असे तो म्हणाला. तीन आठवडे मी रोज रात्री नऊला, जेवणखाण आटोपून, तिथे जाते आहे. पहिल्याच दिवशी एका सुंदर घराच्या अंगणात गेले, तर 'दहा सेकंदांत बाहेर व्हा' अशी सूचना आली आणि मला उचलून दुसरीकडे टाकले गेले. मी नमस्कार लिहिते, कोणी उत्तर देत नाही. फुकट मिळालेला पोशाख घालू गेले, तर हातात एक खोकेच चिकटले. ते घेऊन मी तासभर फिरले आणि दोघे हसले. एकाने धक्के देत देत मला पाण्यात ढकलले. एकच माणूस गोड बोलला, त्याने चौथ्या दिवशी पैसे मागितले. नोकरीत तीन अनोळखी गावांत बदलीवर गेले, पण इतके परके कुठे वाटले नव्हते. या वयात हा नाद सोडून द्यावा का? मुलाला सांगायची लाज वाटते."

स. न. वि. वि.

तुम्ही पत्राखाली नाव लिहिले नाहीत, ते योग्यच केलेत; पण ज्या हाकेला तुम्ही जन्मभर ओ दिलीत त्याच हाकेने मी तुम्हांला बोलावते. बाई, नाद एवढ्यात सोडू नका. ज्या प्रसंगांमुळे तुम्ही तो सोडू पाहता आहात, त्यांतल्या बहुतेकांचा तुमच्या वयाशी, तुमच्या इंग्रजीशी किंवा तुमच्या योग्यतेशी काहीही संबंध नाही. तिथे घडलेल्या गोष्टींचा तुम्ही आपल्या वाडीच्या रीतीने अर्थ लावलात आणि तिथली रीत तुम्हांला सांगायला कोणी नव्हते.

तुम्ही कोणत्या जगात गेलात त्याचे नाव मी मुद्दाम छापत नाही. मला जवळून माहीत असलेले जग म्हणजे 'सेकंड लाइफ', जे सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीने २३ जून २००३ रोजी सर्वांसाठी खुले केले आणि जे अजूनही चालू आहे. पुढचे तपशील मी तिथले देते आहे. इतर जगांत बटणांची नावे वेगळी असतील, पण माणसांचे वागणे फारसे वेगळे नसते.

आधी त्या घराचे बोलते, कारण तेच तुमच्या मनाला सर्वांत जास्त लागलेले दिसते. आपल्याकडे खळ्यात पाऊल ठेवणाऱ्या अनोळखी माणसापुढेही आधी पाण्याचा तांब्या येतो आणि 'खंयसून इलात?' ही चौकशी मग होते. तेव्हा अंगणातून हाकलले जाणे म्हणजे काय, हे तुम्हांला मी सांगायला नको. पण त्या जगातली जमीन विकत किंवा भाड्याने घेतलेली असते. तिचा एक चौकोन २५६ मीटर लांब आणि तितकाच रुंद असतो, म्हणजे आपल्या मोजणीने सुमारे १६ एकर. त्याचे लहानमोठे तुकडे पडतात आणि तुकड्याचा धनी त्यासाठी सहसा महिन्याच्या महिन्याला खरे पैसे मोजतो. त्यांतले काही धनी घरावर पहारा म्हणून एक यंत्र ठेवतात. आत आलेल्याचे नाव यादीत आहे की नाही एवढेच ते यंत्र पाहते. नाव नसेल तर काही सेकंदांची सूचना देते आणि त्याला बाहेर काढते. तिथे वीस वर्षे राहिलेल्या माणसालाही ते असेच बाहेर काढते. त्या वेळी त्या घरात बहुधा कोणी नव्हतेच, बाई. ज्याने तुमचा अपमान केला असे तुम्ही तीन आठवडे धरून चालला आहात, तो माणूस अस्तित्वात नाही. यापुढे अशी सूचना दिसली की आलेल्या वाटेने मागे फिरा. क्षमा मागायची गरज नाही आणि मनाला लावून घेण्याची तर मुळीच नाही.

आता नमस्काराला उत्तर न मिळण्याचे, आणि याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचे आहे. तुम्ही रात्री नऊला जाता. सेकंड लाइफचे घड्याळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेप्रमाणे चालते; आपल्या रात्रीच्या नवाला तिथे हिवाळ्यात सकाळचे साडेसात वाजलेले असतात, न्यूयॉर्कमध्ये साडेदहा आणि इंग्लंडात दुपारचे साडेतीन. लोक कामाला निघालेले किंवा कामात असलेले, अशा वेळी तुम्ही त्यांच्या दारात उभ्या राहता. सकाळी सातला तोंड धुऊन, चहाचा कप घेऊन बसलात तर न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे साडेआठ झालेले असतील आणि कॅलिफोर्नियात संध्याकाळचे साडेपाच. अमेरिकेतली माणसे तेव्हा जेवून, मोकळी होऊन तिथे येतात, आणि या जगात त्यांची संख्या मोठी आहे. वेळ बदलून पाहा. माझ्या मते तुमच्या एकटेपणाचा मोठा भाग या साडेतेरा तासांच्या अंतरात आहे.

त्यात अंतराचाही एक हिशेब असतो. साधे लिहून बोललेले वाक्य २० मीटरपर्यंतच पोहोचते. हळू बोललात तर १० मीटर, ओरडून बोललात तर १०० मीटर. नवखा माणूस संकोचाने लांबच उभा राहतो आणि तिथून नमस्कार करतो, जो कोणाच्या पडद्यावर उमटतच नाही. म्हणून बोलण्याआधी जवळ जा. जवळ गेल्यावरही समोरचा मान खाली टाकून निश्चल उभा असेल, तर त्या अवताराचा माणूस संगणकापासून उठून गेला आहे असे समजा. आणि चारपाच जण एकत्र उभे असून कोणी काही बोलताना दिसत नसेल, तर ते आपापसांतल्या खासगी खिडकीत किंवा एखाद्या गटाच्या गप्पांत बोलत असण्याचा संभव फार. बाहेरून पाहणाऱ्याला ती मंडळी गप्प आणि गर्विष्ठ वाटते. वर्गात नव्याने आलेल्या मुलाला मधल्या सुट्टीत सगळी पोरे आपल्यालाच टाळत आहेत असे वाटते, आणि पोरांच्या मनात त्याचा विचारही नसतो; हे तुम्ही कितीदा पाहिले असेल.

खोक्याबद्दल मी तुम्हांला धीरच देणार आहे. तिथे घेतलेली वस्तू पुष्कळदा खोक्यात बंद होऊन येते आणि ते खोके बहुधा जमिनीवर ठेवून उघडावे लागते. परक्याच्या जमिनीवर वस्तू ठेवायला बहुतेक ठिकाणी परवानगी नसते, म्हणून नवखा माणूस तिच्यावर 'घाला' असे बटण दाबतो आणि खोके हाताला चिकटते. नवख्यांची ही इतकी जुनी आणि ठरलेली चूक आहे की हसणाऱ्या त्या दोघांनीही ती केली असण्याची शक्यता मोठी. खोकी उघडण्यासाठी आणि वस्तू बनवून पाहण्यासाठी तिथे 'सँडबॉक्स' नावाच्या सार्वजनिक जागा असतात. तिथे जाऊन निवांत उघडा. कपडे घेताना आधी 'डेमो', म्हणजे घालून पाहायचा नमुना, घ्या, कारण तिथला पोशाख एका ठरावीक बांध्याच्या देहासाठी शिवलेला असतो आणि दुसऱ्या देहावर तो बसत नाही. मात्र दिसण्यावर पहिल्या महिन्यात पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. १९८६ साली लुकासफिल्मच्या 'हॅबिटॅट' या जगाच्या कर्त्यांनी पडद्यावरच्या माणसाला 'अवतार' म्हटले, तेव्हा त्यांनी आपलाच शब्द उचलला, आणि त्याचा मूळ अर्थ खाली उतरणे एवढाच आहे. आपल्या दशावतारी नाटकात नटाच्या हाती लिहिलेली संहिता नसते. कथा ठाऊक असते आणि बोलणे तिथल्या तिथे सुचावे लागते. नवा मुलगा कडेला बसून जुन्यांचे बोलणे ऐकत ऐकतच तयार होतो, आणि तो पहिल्या रात्री मुकुट चढवून उभा राहिला नाही म्हणून त्याला कोणी हिणवत नाही. तुम्हीही काही दिवस कडेला बसून ऐकायला हरकत नाही. त्यात काही कमीपणा नाही.

धक्के देणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला तुमची अडचण कळली होती आणि कळूनच त्याने ते केले. रिचर्ड बार्टल यांनी रॉय ट्रबशॉ यांच्यासह इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात १९७८ च्या सुमारास अशा प्रकारचे पहिले शब्दमय जग उभे केले. पुढे १९९६ साली बार्टल यांनी खेळणाऱ्यांचे चार स्वभाव वर्णिले: काही तरी मिळवून दाखवणारे, नव्या जागा धुंडाळणारे, माणसे जोडणारे, आणि दुसऱ्याला छळण्यात सुख मानणारे. चौथ्या प्रकारच्या माणसाला नवखा माणूस लांबूनच ओळखू येतो. तो तुमचे गोंधळणे पाहायला आलेला असतो, म्हणून त्याच्याशी वाद घालू नका. ताबडतोब खाली बसा. जवळच्या बाकावर, दगडावर, कशावरही. बसलेल्या अवताराला धक्का देऊन हलवता येत नाही. मग त्याच्या नावावर जाऊन त्याला 'ब्लॉक' करा, आणि जागेच्या मालकाला किंवा चालवणाऱ्यांना कळवायची सोय असते ती वापरा. शाळेत तुम्ही असल्या पोराला वर्गाबाहेर उभे करत होतात. इथे तो अधिकार एका बटणात आहे आणि तो वापरायला तुम्ही कचरू नये.

पैसे मागणाऱ्याविषयी मी कठोर बोलणार आहे. त्याच्याशी पुढे एक शब्दही बोलू नका. तो खरोखर अडचणीत असेल का, असा विचार तुमच्या मनात येत असणार, हे मला पत्राच्या सुरावरून कळते. पण चार दिवसांची ओळख असलेल्या परक्या बाईकडे कोणी अडलेला माणूस आधी जात नाही. सेकंड लाइफचे चलन लिंडन डॉलर हे आहे. एका अमेरिकी डॉलरला ढोबळमानाने अडीचशेच्या आसपास लिंडन डॉलर मिळतात आणि हा भाव हलत असतो. म्हणजे हजाराची मागणी ऐकायला मोठी वाटली तरी ती काही डॉलरांची असते, आणि नेमक्या याच लहानपणामुळे माणूस भुलतो. पहिला हप्ता दिला की दुसरी मागणी मोठी असते. तिथे एखादी वस्तू तुमच्या खात्यातून पैसे काढण्याची परवानगी मागणारी चौकट दाखवते. तिला नकार द्या. गप्पांत कोणी दुवा पाठवला आणि तो उघडल्यावर पुन्हा नाव व पासवर्ड विचारला गेला, तर ती चोरी आहे असेच समजा. वाडीचे नाव, घरात एकट्या राहता ही गोष्ट, निवृत्तिवेतन, मोबाइल क्रमांक, ओटीपी, यांतले काहीही तिथे सांगू नका. यांतले काही आधीच सांगितले असेल किंवा पैसे दिले असतील, तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा. ही गोष्ट मुलाला आजच सांगा. बाकीचे त्याला नाही सांगितलेत तरी चालेल, ही मात्र सांगाच. यात लाज वाटण्यासारखे तुम्ही काही केलेले नाही.

यंत्राविषयी दोनच गोष्टी. माणसे ढगासारखी किंवा करड्या पुतळ्यांसारखी दिसत असतील, तर आपल्याकडच्या मंद जोडणीमुळे चित्र पूर्ण उतरलेले नसते. चित्राची पातळी आणि किती लांबपर्यंतचे दिसावे ते अंतर कमी करून ठेवा, ६४ मीटर पुरेसे होतात. वीज गेली आणि मध्येच बाहेर पडलात तर काही बिघडत नाही, बहुधा पुढच्या वेळी त्याच जागी उतरता येते.

आता तुम्ही पुढे काय करावे ते सांगते. मला वाटते, तुम्ही रोज नवी जागा पाहत हिंडलात. मुलाने 'हिंडायचे' असे म्हटले आणि तुम्ही ते इमानाने केलेत; पण रोज वेगळ्या गावाला एसटीने उतरून दोन तासांत परतणाऱ्या माणसाला कोणी ओळखत नाही. बदलीच्या पहिल्या गावात तुम्ही कशा रुजलात ते आठवा. मला ते ठाऊक नाही, पण अंदाज करता येतो: त्याच वाटेने, त्याच वेळी, महिनोन्‌महिने शाळेत गेलात, आणि एक दिवस वाटेवरच्या घरातल्या बाईने पडवीतून हाक मारली. आभासी जगातही हाक अशीच येते. म्हणून एकच जागा निवडा आणि तीन आठवडे फक्त तिथेच, आठवड्यातल्या त्याच दिवशी आणि त्याच वेळी जा. नवख्यांना शिकवण्यासाठी चालवलेल्या जागा सेकंड लाइफमध्ये आहेत. 'कॅलेडन ऑक्सब्रिज' ही त्यांपैकी एक, आणि अपंगत्व असलेल्या लोकांच्या 'व्हर्च्युअल ॲबिलिटी' या समूहाचे बेट ही दुसरी. तिथे शिकवणारी माणसे स्वयंसेवक असतात आणि हळू टाइप करणाऱ्याची त्यांना सवय असते. 'मी नवीन आहे, माझे इंग्रजी लिहिणे सावकाश आहे' हे वाक्य एका कागदावर लिहून लॅपटॉपजवळ ठेवा आणि पहिल्याच भेटीत लिहून टाका. आपण नवखे आहोत हे लपवण्यात जी शक्ती जाते, ती याने वाचते. जागा निवडताना, तिथे किती प्रौढ मजकूर चालतो हे सांगणारा तिचा दर्जाही पाहा: 'जनरल', 'मॉडरेट' आणि 'अडल्ट' असे तीन प्रकार असतात, आणि सुरुवातीला 'जनरल' पुरे.

पण नुसते जाऊन उभे राहू नका. मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचे मोठे जाळे, लागते तेव्हा बघ्याला कोणी फारसे विचारत नाही. जो पुढे होऊन दोराला हात लावतो, त्याच्या पिशवीत मासळीचा वाटा पडतो, मग तो कुठल्या गावचा का असेना. तुम्ही हात लावावा असे काम मी तुम्हांला सुचवते. सँडबॉक्समध्ये घन, दंडगोल, गोल असे साधे आकार फुकट काढता येतात आणि ते एकमेकांवर रचता येतात. त्यांतून तुमच्या खळ्यातले तुळशीवृंदावन तयार करा. चार घन आणि एक पट्टी यांपासून सुरुवात होते. दिव्याचा कोनाडा दुसऱ्या दिवशी. अंगावर लाल चिरा दिसायला हवा असेल तर तुमच्याच भिंतीचा फोटो काढून तिथे चढवता येतो, त्याला थोडेसेच लिंडन डॉलर पडतात. एवढा खर्च मला मान्य आहे. सँडबॉक्समध्ये येणारी माणसे शेजाऱ्याचे काम पाहत असतात, आणि कधीही न पाहिलेली वस्तू दिसली की 'हे काय आहे?' असे विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याइतके चांगले तिथे कोणालाच देता येणार नाही. तुम्ही नमस्कार लिहून उत्तराची वाट पाहत होतात. आता प्रश्न त्यांच्याकडून येईल आणि बोलायचे काय, ही चिंता तुम्हांला उरणार नाही. बाईंना शिकवायला मिळाले की त्या कुठेही परक्या राहत नाहीत, असा माझा अनुभव आहे. मी अशाच एका बाईंच्या हाताखाली शिकले.

दोन महिन्यांनीही मन रमले नाही तर खुशाल सोडा. त्या जगाने कोणावर उपकार केलेले नाहीत. आणि रमले, तरी सकाळचा तासच द्या. संध्याकाळची वेळ वाडीतल्या माणसांसाठी मोकळी असू दे, कारण यजमानांनंतरचे रिकामे घर तुमच्या पत्रात फक्त दोन शब्दांत आले आहे आणि मला ते शब्द वाचून पुढे जाता आले नाही. शेजारच्या पोरांपैकी कोणी पाचवी-सहावीचे असेल तर त्याला वृंदावन रचताना तुमच्या शेजारी नुसते पाहायला बसवा. खाते मात्र तुमचे आणि हातही तुमचाच.

एक सूचना राहिली. सँडबॉक्स ठरावीक तासांनी आपोआप साफ होतो, म्हणून रोज उठण्याआधी वृंदावनावर जाऊन 'टेक कॉपी' करा, आणि प्रत तुमच्या सामानात आली की नाही हे डोळ्यांनी पाहूनच लॅपटॉप बंद करा.